दापोलीचा सर्व्हर मागे का पडतो? चार शाखांची मेल डिरेक्टरी जुळती ठेवण्याबद्दल

प्रश्न थोडक्यात असा आहे. एका पतसंस्थेचं मुख्य कार्यालय रत्नागिरीत, शाखा चिपळूण, दापोली आणि सावंतवाडीला. चारही ठिकाणी पोस्टफिक्स (मेल घेणारा-पाठवणारा प्रोग्रॅम) आणि डोव्हकॉट (पेट्या आणि लॉगिन सांभाळणारा) यांवर चालणारा मेल सर्व्हर, आणि त्याच मशीनवर ओपनएलडॅपची डिरेक्टरी, म्हणजे कोणाचं खातं कुठल्या शाखेत याची यादी. चारही डिरेक्टऱ्यांत बदल करता येतो आणि त्या एकमेकींकडून बदल घेतात. चिपळूणहून दापोलीला बदली झालेल्या एका बाईंचे मेल 'टू मेनी हॉप्स' (फार टप्पे झाले) असं म्हणत परत जायला लागले. एका निवृत्त अधिकाऱ्याचं खातं रत्नागिरीतून काढून टाकलं होतं, ते काही दिवसांनी पुन्हा दिसायला लागलं. विचारणाऱ्यांना असं सेटिंग हवं आहे की चारही ठिकाणी कायम एकच माहिती राहील.

असं सेटिंग नाही. ओपनएलडॅपमध्ये नाही आणि मायक्रोसॉफ्टच्या अ‍ॅक्टिव्ह डिरेक्टरीतही नाही. रत्नागिरीच्या सर्व्हरवर बदल केला की तो स्वतःकडे लिहून घेतो आणि लगेच 'झालं' म्हणून कळवतो. बाकी तिघांपर्यंत बदल पोचला की नाही, याची तो वाट बघत नाही. तशी वाट बघायची ठरवली, तर परशुराम घाटात रस्त्याच्या कामात केबल तुटल्या दिवशी रत्नागिरीत साधा पासवर्डसुद्धा बदलता येणार नाही. काम थांबवायचं नाही आणि जुळणी जमेल तशी मागाहून करायची, हे या रचनेत मुळातच ठरलेलं आहे.

म्हणून विचार करायचा तो मधल्या वेळाचा. माहिती जुळेपर्यंत मेल सर्व्हर काय करतो? माझं मत ठाम आहे: बंद पडलेल्या डिरेक्टरीपेक्षा मागे पडलेली डिरेक्टरी जास्त नुकसान करते. डिरेक्टरी बंद असली की पोस्टफिक्सला पत्ता तपासता येत नाही, तो 451 देतो, म्हणजे 'आत्ता जमत नाही, नंतर या'. पाठवणारा सर्व्हर मेल रांगेत ठेवतो आणि पुन्हा पुन्हा प्रयत्न करतो. पोस्टफिक्सची स्वतःची रांग न बदलता ठेवली तर 5 दिवस धरून राहते. एवढ्या वेळात कोणीतरी सर्व्हर चालू करतोच. मागे पडलेली डिरेक्टरी मात्र चालू असते, उत्तर देते आणि बेधडक चुकीचं देते. नवीन माणसाचं नाव तिच्याकडे आलेलंच नसतं, म्हणून पोस्टफिक्स 550 देतो: असा माणूस इथे नाही. मेल तिथेच संपला. पाठवणाऱ्याला परत गेलेला मेल मिळतो आणि कर्जाचे कागद पाठवणारा सभासद समजतो की पत्ताच चुकला.

आता जुळणी होते कशी ते बघू, कारण तुमचे दोन्ही घोळ तिथूनच आले आहेत.

डिरेक्टरीतल्या प्रत्येक नोंदीला एक कायमचा ओळखक्रमांक असतो, एन्ट्री यूयूआयडी. नाव बदललं, शाखा बदलली तरी तो बदलत नाही. त्याच्या जोडीला एन्ट्री सीएसएन, म्हणजे शेवटचा बदल कधी आणि कुठल्या सर्व्हरवर झाला याचा शिक्का. तो असा दिसतो: 20240722091530.412087, मग झेड हे अक्षर, मग #000000#002#000000. पहिला भाग तारीख-वेळ, सेकंदाच्या दशलक्षांश भागापर्यंत. ही वेळ यूटीसीत (जागतिक प्रमाणवेळेत) असते, तेव्हा साडेपाच तास मिळवायचे: 22 जुलै 2024, दुपारी 2 वाजून 45 मिनिटं 30 सेकंद. मधला 002 हा बदल करणाऱ्या सर्व्हरचा नंबर. आणि प्रत्येक सर्व्हर एक बेरजेची खूण ठेवतो, कॉन्टेक्स्ट सीएसएन: 'सर्व्हर 1 कडचे बदल माझ्याकडे अमुक वेळेपर्यंत आले आहेत, 2 कडचे तमुक वेळेपर्यंत'. घेणारा सर्व्हर देणाऱ्याला ही खूण दाखवतो आणि पुढचं मागतो. ही सिंकरेपल पद्धत 2006 सालच्या आरएफसी 4533 या इंटरनेटच्या तांत्रिक दस्तऐवजात लिहिलेली आहे. इथे लक्षात ठेवायचं ते एवढंच की ओढण्याचं काम घेणाऱ्याचं आहे. रत्नागिरी दापोलीला काही ढकलत नाही. दापोलीने येऊन मागायचं असतं.

आणि दापोली मागायची थांबली आहे. तुम्ही पाठवलेल्या कॉन्फिगमध्ये रिट्रायची ओळ '60 10 300 3' अशी आहे. अधिकृत माहितीपुस्तिकेतल्या नमुन्यात हीच ओळ आहे, त्यामुळे ती पुष्कळ ठिकाणी जशीच्या तशी उतरवलेली सापडते. अर्थ असा: लिंक तुटली की दर 60 सेकंदांनी 10 वेळा प्रयत्न कर, मग दर 300 सेकंदांनी 3 वेळा, आणि मग सोडून दे. दहा मिनिटं अधिक पंधरा मिनिटं. पंचविसाव्या मिनिटाला दापोलीचा सर्व्हर प्रयत्न सोडतो आणि पुन्हा चालू करेपर्यंत रत्नागिरीकडे वळूनही बघत नाही. स्थिर लिंक असलेल्या शहरी ऑफिसात हे कधी लक्षातच येणार नाही. आपल्याकडे जुलै महिन्यात पंचवीस मिनिटांत लिंक परत येणं ही भाग्याची गोष्ट. शेवटच्या 3 च्या जागी + लिहा, म्हणजे '60 10 300 +'. मग तो कधीच थांबणार नाही. रत्नागिरीसह चारही सर्व्हरवर ही ओळ बघा, कारण तिथूनही दापोलीकडे मागायला जायचं असतं.

यावरून आणखी एक गोष्ट उलगडते. 'मध्येच बिघडतं आणि आपोआप ठीक होतं' असं तुम्ही लिहिलंय. दापोलीची लाईट जाते, यूपीएस संपतो, सर्व्हर बंद होऊन पुन्हा चालू होतो, आणि चालू झाल्यावर तो नव्याने मागायला लागतो. ते आपोआप नव्हे, लाईट गेल्यामुळे ठीक होतं.

रिट्राय दुरुस्त केल्यावरही एक छुपी अडचण राहते. लिंक तुटल्याचं सर्व्हरला कळायला तर हवं. मध्ये फायरवॉल किंवा राउटर असेल आणि त्याने शांत पडलेलं कनेक्शन मुकाट्याने विसरून टाकलं, तर दापोलीला वाटतं आपण जोडलेलेच आहोत, फक्त नवीन काही घडत नाही. समोरचा अजून जोडलेला आहे का, ही चौकशी लिनक्स आपणहून 7,200 सेकंदांनी करतं, म्हणजे दोन तासांनी. सिंकरेपलच्या ओळीत कीपअलाइव्ह, म्हणजे या चौकशीचं अंतर, देता येतं, ते दोन-चार मिनिटांवर आणा.

आता बदली झालेल्या बाईंचे मेल. परत आलेल्या मेलचे हेडर उघडा आणि 'रिसीव्ह्ड' च्या ओळी खालून वर वाचत या. रत्नागिरी, मग दापोली, चिपळूण, दापोली, चिपळूण, असंच पानभर दिसेल. रत्नागिरीला कळलंय की बाई दापोलीत आहेत, म्हणून मेल तिकडे गेला. दापोलीकडे जुनी नोंद, ती म्हणते बाई चिपळूणला. चिपळूणला नवी नोंद पोचलीय, ते म्हणतात दापोलीला. प्रत्येक फेरीला एक ओळ वाढते आणि पोस्टफिक्सची मर्यादा 50 ओळींची आहे. ती ओलांडली की मेल परत. चिपळूणही मागे राहिलं असतं तर मेल जुन्या पेटीत पडून राहिला असता, नंतर हलवता आला असता. फक्त नवीन ठिकाणचा सर्व्हर मागे राहिला की हा खेळ सुरू होतो. म्हणून बदलीच्या नोंदीआधी चारही ठिकाणचे कॉन्टेक्स्ट सीएसएन जुळतात का ते बघायचं, दापोलीत पेटी आधी तयार करायची आणि मगच डिरेक्टरीत शाखा बदलायची. लिंक वर-खाली होत असेल त्या दिवशी बदलीची नोंद करायचीच नाही. चिपळूणची जुनी पेटी महिनाभर तरी ठेवा. डोव्हकॉटच्या डीसिंक या पेट्या जुळवणाऱ्या साधनाने उरलेलं तिकडून उचलता येतं.

निवृत्त अधिकाऱ्यांचं खातं परत कसं आलं? साधी सिंकरेपल पद्धत बदललेली नोंद अख्खी पाठवते. जमिनीच्या भाषेत सांगायचं तर फेरफार न पाठवता प्रत्येक वेळी पूर्ण सातबारा पाठवते. रत्नागिरीत खातं काढलं तेव्हा दापोली तुटलेली होती. त्याच दिवसांत दापोलीत कोणीतरी सगळ्यांच्या पेटीचा कोटा वाढवला असणार, आणि 'सगळ्यांच्या' मध्ये साहेबांची तिथे अजून शिल्लक असलेली नोंदही आली. तिच्यावर नवा शिक्का बसला. मग दापोलीशी जोडणी पुन्हा सुरू झाली, रत्नागिरीने मागितलं, आणि दापोलीने सांगितलं: ही घ्या, माझ्याकडची ताजी नोंद. रत्नागिरीकडे त्या ओळखक्रमांकाची नोंद नव्हती, म्हणून तिने नवीन समजून जोडून घेतली. दोन्ही सर्व्हर नियमाप्रमाणेच वागले.

दुसरी शक्यताही तपासा: दापोलीचा सर्व्हर मध्यंतरी बॅकअपवरून उभा केला होता का, आणि तो बॅकअप कशाने घेतला होता? एलडॅपसर्चने (डिरेक्टरीत शोधायच्या कमांडने) नेहमीसारखी माहिती काढून ठेवली, तर तिच्यात ओळखक्रमांक आणि शिक्के येत नाहीत. ती पुन्हा भरली की प्रत्येक नोंदीला नवा क्रमांक आणि आजचा शिक्का मिळतो. सहा महिन्यांपूर्वीची माहिती, पण बाकीच्यांच्या लेखी सगळ्यात ताजी. डिरेक्टरीचा बॅकअप स्लॅपकॅट या ओपनएलडॅपच्याच कमांडने घ्यायचा. त्यात हे शिक्के जसेच्या तसे राहतात.

इथे माझा मुख्य सल्ला आहे. चार शाखांसाठी चार लिहिणारे सर्व्हर ठेवू नका. लिहायचं फक्त रत्नागिरीत. तिथल्या सर्व्हरला एक जोडीदार द्या, मिरर मोडमध्ये: दोघेही लिहू शकतात, पण एका वेळी एकाकडेच लिहायचं, पहिला पडला तरच दुसऱ्याकडे. चिपळूण, दापोली, सावंतवाडी नुसत्या वाचणाऱ्या प्रती. लिंक तुटली तरी शाखेतली माणसं लॉगिन करतील, आपसातले मेल जातील-येतील. पासवर्ड बदलणं, नवीन माणूस घालणं तेवढं थांबेल. पतसंस्थेच्या शाखेत ते एक-दोन दिवस थांबलं तर कुणाचं काही अडत नाही. निवृत्त माणसाला ग्राहकांची माहिती असलेली पेटी परत उघडता येणं, हे मात्र चालण्यासारखं नाही. जोडीदार सर्व्हर कुठे ठेवायचा हेही नीट ठरवा. 22 जुलै 2021 ला वाशिष्ठीचं पाणी चिपळूणच्या बाजारपेठेत शिरलं तेव्हा तळमजल्यावरच्या मशीनचं काय झालं ते तिथल्या कुठल्याही दुकानदाराला विचारा. वरचा मजला, किंवा सरळ मुंबई-पुण्याचं डेटा सेंटर.

एकाच ठिकाणी लिहिण्याचा सगळ्यात मोठा फायदा ग्रुपना होतो. 'सर्व कर्मचारी' हा मेल ग्रुप म्हणजे डिरेक्टरीत एकच लांबलचक नोंद. सावंतवाडीने त्यात एक नाव घातलं, त्याच वेळी चिपळूणने दुसरं घातलं, आणि नोंद अख्खी जात असल्यामुळे ज्याचा शिक्का जुना त्याची यादी पुसली गेली. कोणालाही एरर दिसत नाही. एक माणूस यादीतून गळतो आणि त्याला सर्क्युलर न मिळाल्याचं पुढे कधीतरी कळतं. डेल्टा सिंकरेपल हा यावरचा उपाय: बदलांची वेगळी वही ठेवून फक्त बदल पाठवायचा. वहीतली जुनी पानं ठरावीक दिवसांनी काढली जातात, आणि घेणारा त्याहून मागे असला तर पुन्हा पूर्ण नोंदींवर येतो. 3 जून 2020 च्या निसर्ग चक्रीवादळानंतर दापोली-मंडणगडच्या गावांत कित्येक दिवस वीज नव्हती, हे डोक्यात ठेवून ती मुदत ठरवा. सात दिवसांपेक्षा तीस बऱ्या. जागा फारशी लागत नाही.

मिरर मोडमध्ये गेलात तरी दोन गोष्टींना सुट्टी नाही. पहिली घड्याळ. कुठला बदल ताजा हे शिक्क्यावरच्या वेळेवरून ठरतं. ज्या सर्व्हरचं घड्याळ दहा मिनिटं पुढे, तो दहा मिनिटं मागाहून झालेल्या खऱ्या बदलावरही मात करतो. घड्याळं एनटीपीला, म्हणजे नेटवर्कवरून वेळ देणाऱ्या सेवेला, जोडा. सर्ट-इन या केंद्र सरकारच्या सायबर सुरक्षा संस्थेच्या 28 एप्रिल 2022 च्या निर्देशांप्रमाणे एनआयसी (राष्ट्रीय सूचना-विज्ञान केंद्र) किंवा राष्ट्रीय भौतिक प्रयोगशाळेच्या वेळेशी जुळवणं तसंही बंधनकारक आहे. लाईट जाऊन आल्यावर मदरबोर्डवरची बॅटरी संपलेला जुना सर्व्हर भलत्याच वर्षात उठतो. आधी घड्याळ जुळेल, मगच डिरेक्टरी सुरू होईल, असा क्रम लावून ठेवा.

दुसरी सर्व्हर आयडी. लिहिणाऱ्या प्रत्येक सर्व्हरचा आकडा वेगळा हवा, 1 ते 4095 मधला कोणताही. नवीन शाखेसाठी जुन्या व्हर्च्युअल मशीनची कॉपी करतात आणि हा आकडा बदलायचा राहतो. मग दोघांचे शिक्के एकाच नावाने निघतात. एकाचा बदल बाकीच्यांना 'हा तर आपल्याकडे येऊन गेला' असा वाटतो आणि ते तो घेतच नाहीत. घोळ कुठे आहे ते लॉगमध्ये पटकन सापडत नाही, म्हणून आकडे आजच डोळ्यांनी बघून घ्या.

विंडोज आणि एक्स्चेंज (मायक्रोसॉफ्टचा मेल सर्व्हर) वापरणाऱ्यांसाठी थोडक्यात. अ‍ॅक्टिव्ह डिरेक्टरी नोंदीतल्या प्रत्येक रकान्याचा वेगळा हिशेब ठेवते. दोन बदल भिडले तर आधी आवृत्तीचा आकडा बघते, तो सारखा असेल तर वेळ, तीही सारखी असेल तर सर्व्हरचा ओळखक्रमांक. ग्रुपमधलं नाव गळण्याचा प्रकार विंडोज सर्व्हर 2003 पासून सुटला, कारण तिथे सभासद एकेक करून जातात. काढलेल्या नोंदीची खूणही ती जपते, आता सहसा 180 दिवस. एखादा सर्व्हर त्याहून जास्त काळ बंद राहिला तर त्याला परत जोडू नका, नव्याने बांधा. शाखांमधली जुळणी सांगितलं नाही तर दर 180 मिनिटांनी होते, 15 मिनिटांपर्यंत आणता येते. मेलसाठी 15 च ठेवा.

जुळणीवर लक्ष ठेवायला महागडं काही लागत नाही. दर पाच मिनिटांनी प्रत्येक सर्व्हरचा कॉन्टेक्स्ट सीएसएन वाचणारी छोटी स्क्रिप्ट लिहा. रत्नागिरीशी तुलना करून अर्ध्या तासाहून जास्त फरक दिसला तर तिने मोबाइलवर मेसेज टाकावा. मेल पाठवू नये, मेलचीच तर शंका आहे. पण एवढ्यावर विसंबू नका. शिक्के जुळूनही आतली माहिती वेगळी असू शकते. प्रत घेणाऱ्या खात्याला पासवर्डचा रकाना वाचायची परवानगी नसेल तर माणसं सगळी येतील, पासवर्ड येणार नाहीत, आणि शाखेत कोणालाच लॉगिन करता येणार नाही. ओपनएलडॅप एका वेळी 500 च नोंदी देतं, मर्यादा उठवली नसेल तर. संस्था वाढून 501 वा माणूस आला की प्रत अडते. म्हणून आठवड्यातून एकदा चारही ठिकाणच्या ओळखक्रमांकांची यादी आणि त्यांचे शिक्के काढून ओळीला ओळ ताडून बघा.

आता मधल्या वेळातल्या मेलचं. बाहेरून येणारे मेल फक्त रत्नागिरीच्या दारात घ्या, आणि पत्ता आहे की नाही हे तिथेच, मूळ डिरेक्टरीवर ठरवा. तिथे अनोळखी पत्त्याला 550 च द्या. टायपिंगची चूक पाठवणाऱ्याला लगेच कळायला हवी. रत्नागिरीकडून शाखेकडे जाणाऱ्या टप्प्यावर मात्र शाखेच्या पोस्टफिक्समध्ये अनोळखी पत्त्याचा कोड 550 ऐवजी 450 करा. शाखेला नाव ठाऊक नसेल तर ती 'नाही' न म्हणता 'थांबा' म्हणेल. रत्नागिरीचा सर्व्हर मेल जवळ ठेवेल, आधी 300 सेकंदांनी आणि मग वाढत वाढत 4,000 सेकंदांपर्यंतच्या अंतराने पुन्हा देऊन बघेल. तोवर दापोलीला नाव पोचलेलं असेल. माझ्या मते या सगळ्यात सगळ्यात कमी कष्टाचा आणि सगळ्यात जास्त मेल वाचवणारा बदल हाच.

कॅश, म्हणजे आधी मिळालेली उत्तरं साठवून ठेवायची सोय, तीही बघून ठेवा, नाहीतर डिरेक्टरी सुधारल्यावरही तक्रार चालूच राहील. डोव्हकॉटची लॉगिन कॅश चालू केली असेल तर 'असा माणूस नाही' हे उत्तर तो तासभर धरून ठेवतो. पोस्टफिक्समध्ये पत्त्याची पडताळणी चालू असेल तर नकाराचं उत्तर 3 दिवसांपर्यंत राहतं, आणि पुन्हा विचारून बघायला 3 तास जातात. दोन्ही मुदती पाच-दहा मिनिटांवर आणा.

साहेबांच्या खात्याबाबत क्रम असा ठेवा. आधी चारही ठिकाणी रिट्रायची ओळ बदला, घड्याळं आणि सर्व्हर आयडी तपासा, स्लॅपकॅटने बॅकअप घ्या. सगळ्यांचे शिक्के जुळू द्या. मग शाखांना फक्त वाचणाऱ्या प्रती करा. त्यानंतर रत्नागिरीत त्यांचं खातं काढून न टाकता बंद करा: पासवर्ड रद्द, लॉगिन बंद, येणारे मेल त्यांच्या जागी आलेल्या अधिकाऱ्याकडे. प्रत्येक शाखेत जाऊन, किंवा तिथल्या माणसाला फोन करून, त्या नावाने लॉगिन होत नाही हे बघा. नोंद कायमची काढायची ती पावसाळा संपल्यावर, दिवाळीनंतर, चारही लिंक धडधाकट असताना.